ज्या पाण्यात आपण दिसत नाही

संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, एका तळ्यावर बोलीन. त्यांना वाटलं मानसरोवर असेल, किंवा लोणार. मी म्हटलं, नाही, हे तळं कुठल्याही नकाशात नाही. फोनवर थोडा वेळ शांतता होती. (हशा) चाळीस वर्षं ज्यानं वर्गात कांट आणि शंकराचार्य शिकवले, तो म्हातारपणी परीकथेवर बोलणार म्हटल्यावर काळजी वाटणं साहजिक आहे.

तर आधी हे तळं माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. माझी पत्नी गेली त्या वर्षी नात सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. मी काही वाचत नव्हतो. तिनं तिचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, ‘आजोबा, हे वाचा, आणि मग मला एक सांगा. यातलं एक तळं मला पवित्र वाटतं. पण ते तर खोटं आहे. खोटं तळं पवित्र कसं असेल?’ मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे, असं समजा.

पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. जे. आर. आर. टोल्किन. जन्म 1892, मृत्यू 1973. ऑक्सफर्डला प्राध्यापक, भाषांच्या इतिहासाचा अभ्यासक. ही कादंबरी 1954 आणि 1955 या दोन वर्षांत तीन खंडांत आली. एक दुष्ट अंगठी नष्ट करायला नऊ जण निघतात. त्यांत फ्रोडो आहे, अंगठी त्याच्यापाशी आहे. सॅम आहे, तो त्याचा माळी आणि सोबती. गिम्ली हा ड्वार्फ आहे. ड्वार्फ म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारी, खाणी खोदणारी, धातू घडवणारी बुटकी जमात. आणि गॅन्डाल्फ आहे, सगळ्यांचा वाटाड्या. हे नऊ जण मोरिया नावाच्या ड्वार्फांच्या उजाड भूमिगत नगरातून जातात, तिथे गॅन्डाल्फ दरीत कोसळतो, आणि उरलेले आठ जण पूर्वेच्या दारातून बाहेर पडतात. समोर एक दरी आहे आणि दरीत हे तळं. ड्वार्फांच्या भाषेत त्याचं नाव केलेद-झाराम. केलेद म्हणजे काच. इंग्रजीत मिररमिअर. आपण आरसेतळं म्हणू.

वर तीन शिखरं, खाली भाल्याच्या पात्यासारखं लांबट, गडद निळं पाणी. काठावर गुळगुळीत गवत. पाण्यावर एकही तरंग नाही. काठाशी एक तुटलेला दगडी खांब, त्यावरची अक्षरं झिजून वाचता न येणारी. ड्वार्फांचा मूळपुरुष ड्यूरिन पहिल्यांदा याच जागी वाकला आणि त्याला पाण्यात आपल्या डोक्याभोवती ताऱ्यांचा मुकुट दिसला, अशी त्यांची श्रद्धा. तेव्हापासून ते तारे भर दिवसाही त्या पाण्यात दिसतात.

आता प्रसंग बघा. दुपार टळलेली आहे. सगळे नुकतेच रडून उठलेले आहेत. मागून शत्रू येणार, ते अंधार पडला की बाहेर पडतील, त्याच्या आत जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. अशा वेळी गिम्ली म्हणतो, मला तळं बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नवा नेता ॲरागॉर्न म्हणतो, मग लवकर आटप. आणि गिम्ली एकटा जात नाही, तो फ्रोडोला बोलावतो. फ्रोडो जखमी आहे, दमलेला आहे, तरी हळूहळू उतरतो. त्याच्या मागून सॅम, तोही जखमी. तिघं वाकून बघतात. आधी काहीच दिसत नाही. मग सावकाश डोंगर दिसू लागतात, शिखरं दिसतात, त्यापलीकडे आकाश, आणि आकाशात तारे. वर ऊन आहे बरं का! आणि त्यांची स्वतःची, वाकलेल्या तिघांची प्रतिबिंबं मात्र पाण्यात नाहीत.

गिम्ली दोन शब्द बोलतो, नमस्कार करतो आणि वळतो. वर आल्यावर पिपिन सॅमला विचारतो, काय दिसलं? सॅम इतका विचारात बुडालेला असतो की उत्तरच देत नाही. संपला प्रसंग. पुस्तकात पुरतं एक पानही नाही.

माझा पहिला मुद्दा. या जगात देवळं नाहीत, पुजारी नाहीत, जवळजवळ कर्मकांडच नाही. टोल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता आणि 1953 साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलंय की धर्माचे, उपासनेचे उल्लेख आपण मुद्दाम काढून टाकले. मग पावित्र्य आणायचं कुठून? साधा लेखक काय करतो? धुकं आणतो, घंटा वाजवतो, एखादी तेजस्वी आकृती पाण्यातून वर काढतो. कल्पित जगांच्या कादंबऱ्यांमध्ये अशी तळी पोत्यानं सापडतील. पाण्यात हात घाला, जखम बरी होते. पाणी प्या, शक्ती मिळते. याला मी पावित्र्य म्हणत नाही. तो दवाखाना झाला. (हशा)

आरसेतळं काहीही देत नाही. फ्रोडोची जखम तिथे बरी होत नाही. उलट तळ्यावरून निघाल्यावर थोड्याच वेळात तो आणि सॅम दुखण्यामुळे मागे पडतात आणि ॲरागॉर्नला थांबून उपचार करावे लागतात. तळ्यानं भविष्य सांगितलं नाही, गॅन्डाल्फ परत येईल असा दिलासा दिला नाही. मग त्यानं केलं काय? त्यानं फक्त बघू दिलं.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हा कळीचा. हे तळं कोणाचं आहे? ड्वार्फांचं. ड्वार्फ कसे? लोभी. म्हणजे टोल्किननंच तसं रंगवलंय. 1937 च्या ‘द हॉबिट’मध्ये खजिन्यावरून युद्धाची पाळी येते. मोरियात हे लोक मिथ्रिल नावाच्या धातूसाठी खोल, आणखी खोल खणत गेले, आणि खाली निजलेलं एक भयंकर सत्त्व जागं झालं. त्यात राज्य गेलं. म्हणजे डोंगराच्या आत काय आहे? जे काढून घेता येतं ते सगळं काढून घेतल्याचा परिणाम. आणि डोंगराच्या दाराबाहेर काय आहे? रत्नांसारखे चमकणारे तारे, पाण्याच्या तळाशी, आणि त्यातला एकही हाताला लागणार नाही. जगातल्या सगळ्यात लोभी जमातीनं सगळ्यात पवित्र काय मानलं, तर जे खणून काढताच येत नाही ते! ही मांडणी टोल्किन एका वाक्यानंही समजावून सांगत नाही. दार आणि तळं शेजारीशेजारी ठेवतो आणि गप्प बसतो.

कांटनं 1790 च्या ग्रंथात सौंदर्याच्या आनंदाबद्दल म्हटलंय की तो हितसंबंधांपासून मुक्त असतो. वस्तू मला मिळावी, माझ्या उपयोगी पडावी, ही इच्छा त्यात नसते. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा जो झगडा आहे, तो आमच्या पिढीनं वर्गात तासन्‌तास घोळवला. मी स्वतः अलौकिकतावादाकडे संशयानं बघणारा माणूस. कलेचा अनुभव जगण्यापासून इतका तुटलेला असतो का, हा माझा आक्षेप असायचा. आणि इथे गंमत बघा. गिम्ली जेव्हा त्या पाण्यापाशी वाकतो तेव्हा त्याला काही नको असतं हे खरं, पण तो अनुभव तिथेच संपत नाही. तो त्याच्याबरोबर चालू लागतो. पुढे काही आठवड्यांनी त्याला एका किल्ल्यामागे अप्रतिम गुहा सापडतात. लेगोलस नावाचा एल्फ त्याचा मित्र झालाय. गिम्ली त्याला त्या गुहांचं वर्णन सांगतो, आणि तिथल्या डोहांना उपमा कशाची देतो? केलेद-झारामची. लेगोलस थट्टा करतो, की तुम्ही लोक आलात तर हे सगळं खणून नासवाल. गिम्ली उखडतो. म्हणतो, कुठलाही ड्वार्फ इथे खाण काढणार नाही, आम्ही हे जपू. हा माणूस बदललाय. निदान मला तरी वाटतं की हा बदल आरसेतळ्याच्या काठी सुरू झाला. म्हणजे ज्या अनुभवात काही घ्यायचं नव्हतं, त्यानंच जगण्यात सगळ्यात मोठा फरक पाडला. माझ्या जुन्या आक्षेपाला कांटच्या कुठल्याही भाष्यकारानं इतकं नीट उत्तर दिलं नव्हतं.

तिसरा मुद्दा प्रतिबिंबाचा. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ज्ञानाच्या पायऱ्या आहेत. त्यात सगळ्यात खालच्या पायरीवर काय आहे? सावल्या आणि पाण्यातली प्रतिबिंबं. प्रतिबिंब म्हणजे मूळ वस्तूची दुबळी नक्कल. पण आरसेतळ्यात उलटं घडतं. दिवसा वर बघाल तर तारे दिसत नाहीत, खाली बघाल तर दिसतात. म्हणजे प्रतिबिंबात बिंबापेक्षा जास्त सत्य आहे. तारे दिवसाही असतातच की! ते आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. खोल विहिरीतून दिवसा तारे दिसतात असा एक जुना समज आहे, ॲरिस्टॉटलनंही त्याचा उल्लेख केलाय. विज्ञान तो मान्य करत नाही. टोल्किननं त्या समजाला एक घर दिलं.

आपल्याकडे अद्वैतात प्रतिबिंबवाद आहे. बिंब म्हणजे ब्रह्म, प्रतिबिंब म्हणजे जीव. विवरण-प्रस्थान म्हणतं की प्रतिबिंब बिंबाहून वेगळं नाहीच. खोटं काही असेल तर ते त्याचं वेगळेपण. मी टोल्किनला वेदान्ती करायला निघालेलो नाही, घाबरू नका. (हशा) तो कॅथलिक होता, त्याला तसंच राहू द्या. पण आपल्या परंपरेतला वाचक त्या पाण्यात वाकला की त्याला हे आठवणार, त्याला इलाज नाही. जे वेगळं आहे असं वाटतं, ते ‘मी’, नेमकं तेच त्या पाण्यात उमटत नाही.

ग्रीकांचा नार्सिसस पाण्यात वाकला आणि त्याला फक्त स्वतः दिसला. तिथेच तो संपला. इथे तिघं वाकतात आणि स्वतः सोडून सगळं दिसतं. आता फ्रोडोचा विचार करा. त्याच्या गळ्यात जी अंगठी आहे ती चोवीस तास ‘मी, माझं’ म्हणत असते. त्या काठावर, मिनिटभर का होईना, तो ‘मी’ दिसेनासा होतो. ग्रंथात असं लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे. पण याला आधार आहे. महिनाभरानं हेच दोघं, फ्रोडो आणि सॅम, दुसऱ्या एका पाण्यात बघतात. गॅलाड्रिएल या एल्फ राणीच्या चांदीच्या पात्रात. तिथे सॅमला त्याच्या गावची झाडं तोडलेली दिसतात आणि तो घरी पळायला निघतो. फ्रोडोला शत्रूचा डोळा दिसतो, आणि तो डोळा त्यालाच शोधत असतो. दोन पाणी, बघणारे तेच. एका पाण्यात मी आहे, माझं भय आहे, माझं गाव आहे. दुसऱ्यात मी नाही, म्हणून भयही नाही. लेखकानं गिम्लीला या दुसऱ्या पात्रापाशी नेलेलंच नाही. त्याचं बघून झालेलं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सॅमनं तळं बघण्याआधी ऐकलेलं होतं. मोरियाच्या अंधारात गिम्ली ड्यूरिनचं गाणं म्हणतो, त्यात हे तळं आहे. सॅमला ते इतकं आवडतं की तो म्हणतो, मला शिकायचंय. मग तो तळं बघतो. मग तो बोलायचा थांबतो. आपल्याकडे क्रम आहे ना, श्रवण, मनन, निदिध्यासन? एक माळी, शाळेच्या पायरीवर फारसा न गेलेला, तो नकळत या वाटेनं जातो. पिपिनला उत्तर न देणारा सॅम हे मला त्या पानावरचं सगळ्यात चांगलं वाक्य वाटतं.

आता टीका करतो. नुसती स्तुती करायची तर समीक्षकाला बोलवायचं कशाला?

पहिली तक्रार. आकाशातले तारे सगळ्यांचे. पण इथे ते एका राजाचा मुकुट होतात. म्हणजे निसर्गातलं पावित्र्य एका वंशाच्या नावावर चढवलं जातं, सातबाऱ्यावर चढवावं तसं. आणि त्या वंशातल्या स्त्रिया? टोल्किननं ड्वार्फांच्या इतक्या वंशावळी दिल्या, त्यात नावानिशी स्त्री एकच, दीस. तळ्याकाठी कुठली ड्वार्फ बाई वाकली असेल, तिला पाण्यात कोणाचा मुकुट दिसला असेल, याचा लेखकाला प्रश्नच पडत नाही. ही उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

पण याच तक्रारीच्या विरुद्ध एक गोष्ट त्याच पानावर आहे. गिम्ली परक्यांना बोलावतो. हॉबिट ना ड्वार्फांच्या रक्ताचे, ना त्यांच्या श्रद्धेचे. त्यातला एक तर नोकर, आणि त्याला कोणी बोलावलेलंही नाही, तो आपणहून मागे येतो. गिम्ली त्याला अडवत नाही. तुझा अधिकार काय, असं विचारत नाही. मी महाराष्ट्रात वाढलेला माणूस. पाण्यापाशी कोणी यायचं आणि कोणी यायचं नाही हा प्रश्न निघाला की मला महाडचं चवदार तळं आणि 20 मार्च 1927 ही तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. ते काही देवस्थानाचं तळं नव्हतं, गावाचं पाणी होतं, आणि तरीही नंतर ते ‘शुद्ध’ करून घेणारे निघाले. त्या लोकांना पावित्र्य म्हणजे कुंपण वाटत होतं. गिम्लीला पावित्र्य म्हणजे, हे तू बघितल्याशिवाय जाऊ नकोस, असं वाटतं. दोन्ही माणसं आपापल्या परीनं श्रद्धाळूच. फरक कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसरी तक्रार रचनेची. तळ्याची सगळ्यात दुःखद गोष्ट टोल्किननं परिशिष्टात टाकली आहे, आणि परिशिष्टं कोण वाचतं? (हशा) याच दरीत, त्या जगाच्या तिसऱ्या युगातल्या 2799 या वर्षी, ड्वार्फांचं मोठं युद्ध झालं. जिंकले, पण मेले इतके की दगडात पुरायला वेळ नव्हता. त्यांच्यात मृताला दगडात ठेवायचं असतं, अग्नी देणं त्यांना फार जिवावर येतं. शेवटी दरीतली सगळी झाडं तोडून चिता रचल्या. त्यानंतर त्या दरीत झाड उगवलं नाही. म्हणजे तळ्याभोवतीचा तो मोकळेपणा, ते नुसतं गवत, याच्यामागे एक स्मशान आहे. त्या युद्धात फुंदिन नावाचा ड्वार्फ पडला. त्याचा मुलगा बालिन. अनेक वर्षांनी बालिन मोरिया परत वसवायला आला, आणि एके दिवशी एकटाच तळ्यात बघायला गेला. दगडाआडून बाण आला. हे मात्र मूळ कथेत आहे, एका जळक्या-फाटक्या वहीतल्या ओळीत. बाप जिथे पडला तिथेच मुलगा.

तळ्याकाठी वाकताना गिम्लीला हे सगळं माहीत आहे. बालिन त्याच्या वडिलांचा चुलतभाऊ. वही कालपरवाची नव्हे, त्याच दिवशी वाचलेली. तरी तो बालिनचं नाव काढत नाही. तळं पवित्र आहे म्हणून तिथे मृत्यू आला नाही, असं नाही. तळ्यानं बालिनला वाचवलं नाही. आणि तरी गिम्ली त्याला दोष न देता नमस्कार करतो. आधी मला वाटायचं, ही माहिती एकत्र न देणं ही रचनेची चूक आहे. आता तितकी खात्री नाही. दुःखाची माहिती माणसाला एका जागी, एका दिवशी मिळत नाहीच. परिशिष्टातच मिळते.

आणि आता शेवटचं. प्रवासाच्या सुरुवातीला, डोंगर लांबून दिसतात तेव्हा, गिम्ली म्हणालेला असतो की ते तळं बघायच्या विचारानं माझं काळीज थरथरतं. तेव्हा गॅन्डाल्फ म्हणतो, तुला बघायला मिळो, पण आपल्याला त्या दरीत राहता येणार नाही. प्रत्यक्षात ते दरीत येतात तेव्हा हे बोलणाराच नसतो. आणि तळ्याबद्दलचे गिम्लीचे तेच शब्द पुढे गॅलाड्रिएल उच्चारते, त्याच्या भाषेतल्या नावांसह, जेव्हा तिचा नवरा ड्वार्फांना दोष देत असतो. आपलं पवित्र नाव परक्याच्या तोंडून आदरानं ऐकलं, आणि गिम्लीला शत्रूच्या जागी प्रेम दिसलं. गॅन्डाल्फनं सांगितलेलं खरंच होतं. त्या दरीत राहता येत नाही. फक्त थांबता येतं.

पत्नीच्या अस्थी विसर्जित करून आम्ही परत निघालो होतो. सगळ्यांना घाई, गाडी उभी, गुरुजींना पुढचं काम. माझा धाकटा भाऊ म्हणाला, दादा, दोन मिनिटं नदीकडे बघून घे. मी चिडलो होतो त्याच्यावर. बघण्यासारखं काय होतं? गढूळ पाणी. पण बघितलं. त्यात मी कुठे दिसत नव्हतो, हे मला खूप नंतर, हे पान वाचताना लक्षात आलं.

तर नातीचा प्रश्न. खोटं तळं पवित्र कसं असेल? 1911 साली एकोणीस वर्षांचा टोल्किन स्वित्झर्लंडच्या डोंगरात पायी हिंडला. तिथलं एक रुपेरी शिखर पुढे त्या तळ्यावरच्या तीन शिखरांपैकी एक झालं, असं त्यानं म्हातारपणी मुलाला कळवलंय. म्हणजे अगदीच खोटं नाही. पण माझं उत्तर ते नाही. माझं उत्तर असं, की तळं खोटं असेल, वाकणं खरं होतं. गिम्लीचं नव्हे, वाचणाऱ्याचं. तुझं, बेटा. ते पान वाचताना तू काही मिळवायला गेली नव्हतीस, तू त्यात दिसतही नव्हतीस, आणि तरी तुला तिथून हलावंसं वाटलं नाही. पवित्र हा शब्द आपण याच्यासाठीच ठेवलेला आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलेली आहे. ॲरागॉर्न उभा आहे दारात. (हशा) थांबतो.